दोन घरं आणि माझी वही

वीस वर्षांपूर्वी मी एका सुखवस्तू कुटुंबाला गरीब ठरवलं आणि ओढाताणीत जगणाऱ्या एका कुटुंबाला सधन. मनातल्या मनात नव्हे, कागदावर. खाली सही केली, सहीशेजारी शिक्का मारला आणि अक्षर बरं आलंय म्हणून त्या कागदाची एक झेरॉक्स स्वतःसाठी ठेवली. ती अजून माझ्याकडे आहे. अर्थशास्त्रात एम. ए. केलेली बाई किती मन लावून चुकू शकते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणं कठीण.

तेव्हा आम्ही नागोयापासून रेल्वेने पाऊण तासावरच्या एका कारखान्यांच्या गावात राहत होतो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मुलगा शिकायला तोक्योला गेलेला. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, जपानी भाषेची वरून दुसरी परीक्षा नुकतीच पास झालेली आणि रिकामी. अशा बाईपासून गावाला जपायला हवं, पण हे गावाला कोण सांगणार? कम्युनिटी हॉलमध्ये दर शनिवारी परदेशी कामगारांच्या मुलांसाठी अभ्यासाचा वर्ग भरायचा. एक निवृत्त जपानी मुख्याध्यापक तो चालवायचे. मी मदतीला जाऊ लागले आणि पहिल्याच दिवशी मुलं मला ‘सेन्सेई’ म्हणाली. शिक्षिका म्हणवून घ्यायची आपल्याला एवढी हौस होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्या रात्री भात वाढतानासुद्धा मी शिकवण्याच्या सुरात बोलत होते, असं नवरा अजून सांगतो.

वर्गात नववीतल्या दोनच मुली होत्या. एक लाओसच्या आईवडिलांची, पण जन्म जपानमधला. दुसरी मलेशियाची, वडिलांच्या बदलीबरोबर दोन वर्षांपूर्वी आलेली. दोघी शेजारी बसायच्या आणि एकच खोडरबर वापरायच्या. लाओ मुलगी बोलायला लागली की पूर्ण इथली वाटायची, पण गणितात चार ओळींचा प्रश्न आला की अडखळायची. घरात जपानी वाचणारं मोठं माणूस कोणी नव्हतं, शाळेतून आलेल्या सूचनासुद्धा तीच वाचून दाखवायची. तिला नर्सिंगचा अभ्यासक्रम असलेल्या सरकारी हायस्कूलमध्ये जायचं होतं. इथे नववीनंतर हायस्कूलसाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ती हुकली तर उरते खासगी शाळा, जी त्यांना झेपणारी नव्हती, किंवा रात्रशाळा आणि दिवसभर काम. आईने आपल्या कारखान्यात आधीच विचारून ठेवलं होतं. हे सगळं तिने मला वहीतलं उत्तर खोडता खोडता सांगितलं, दुसऱ्याच कोणा मुलीची हकीकत असावी तसं.

ऑगस्टच्या शेवटी गावातल्या एका जुकूने, म्हणजे इथल्या खासगी क्लासने, आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला प्रवेशपरीक्षेपर्यंत फुकट शिकवायची तयारी दाखवली. जागा एकच. कुटुंब गरजू असावं, एवढीच अट. मुख्याध्यापक मला म्हणाले की, तुम्ही दोन्ही मुलींच्या घरी जाऊन या. तुम्हीही परदेशी, तुमच्याशी ते मोकळेपणाने बोलतील. मी वाटेतच स्टेशनरीच्या दुकानात शिरले आणि एक नवी वही घेतली. कडक पुठ्ठ्याची, निळी.

खरं सांगायचं तर मलेशियाच्या मुलीबद्दल माझं मत आधीच बनलं होतं. त्याला कारण बिस्किटं. शनिवारी मधल्या सुट्टीत आम्ही मुलांना बिस्किटांचे छोटे पुडे द्यायचो. बाकीची मुलं तिथेच फस्त करायची. ही मात्र पुडा न फोडता खिशात घालायची. दर शनिवारी. मी तर्क केला की घरी धाकटी भावंडं असणार, त्यांच्यासाठी नेत असणार. माझे डोळे भरून आले. मग मी तिला गुपचूप दोन पुडे देऊ लागले. ती वाकून आभार मानायची आणि दोन्ही खिशात टाकायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तिला आवडत नसतील. मी त्याला म्हटलं की कारखान्यात राहून राहून तुझं मनही यंत्राचं झालंय. हे वाक्य तो अजून वापरतो, सोयीनुसार.

आधी तिच्या घरी गेले. कंपनीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत काहीही नव्हतं. सोफा नाही, टेबल नाही, टीव्ही जमिनीवर. एका खिडकीला पडद्याऐवजी चादर लावलेली. मोठं खोकं उपडं घालून त्यावर कापड अंथरलं होतं, त्यावर मुलीचा अभ्यास चालायचा आणि त्यावरच मला चहा मिळाला. आईने डोक्याला स्कार्फ बांधला होता. बोलायला गोड. घर असं आहे, माफ करा, असं ती दोनदा म्हणाली. मी ‘असू दे, असू दे’ म्हणाले, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर म्हणतात त्या स्वरात. पगार विचारणं असभ्य, म्हणून मी फर्निचर मोजलं. आणि वहीत लिहिलं: ‘बसायला खुर्ची नाही. मुलगी खोक्यावर अभ्यास करते.’

दुसऱ्या दिवशी लाओ मुलीकडे. घर स्वतःचं, दोन मजली, शेताच्या कडेला. दारात आठ माणसांची व्हॅन. पायऱ्यांवर चपलांचा ढीग. स्वयंपाकघरात दोन भलेमोठे फ्रीजर आणि भिंतभर टीव्ही. आजीच्या हातात सोन्याच्या बांगड्या, आईच्या गळ्यात जाड साखळी. जमिनीवर चटई घालून मला जेवायला बसवलं. झाकणाच्या बांबूच्या टोपलीत त्यांचा चिकट भात, जो बोटांनी गोळा करून खातात. शिवाय भाजलेला मासा, मटणाचा खिमा, कच्च्या पपईची झणझणीत कोशिंबीर. त्याच घरात राहणारे मुलीचे काका-काकूही आले आणि माझ्याकडे बघत बसले. मी एका हाताने जेवत होते, दुसऱ्या हाताने लिहीत होते. ‘स्वतःचं घर. मोठी गाडी. फ्रीजर दोन. सोनं. मासे आणि मटण, दोन्ही.’

आईने मला दोनदा सांगितलं, भात गरम आहे तोवर खा. मी दोनदा मान हलवली. मग तिने विचारलं, काय लिहिता? मी म्हणाले, अभ्यासाबद्दल. वही मराठीत होती, त्यामुळे खोटं बोलणं सोपं गेलं. मुलगी मात्र वहीकडे बघत होती. अक्षर वाचता आलं नाही तरी माझी नजर कुठून कुठे जाते आणि मग पेन कधी चालतं, हे तिला दिसत होतंच. भाताचा गोळा माझ्या ताटात पडून दगडासारखा झाला.

अहवाल लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मलेशियाचं कुटुंब अत्यंत गरजू. लाओसचं कुटुंब स्थिरस्थावर, मदतीची तातडी नाही. मुख्याध्यापकांनी वाचून मान डोलावली. पुढच्या शनिवारी त्यांनी जागा मलेशियाच्या मुलीला मिळाल्याचं सांगितलं. लाओ मुलीने टाळ्या वाजवल्या. मग दोघींमधलं ते खोडरबर उचलून मैत्रिणीच्या कंपासपेटीत ठेवलं. त्यानंतरच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मी स्वतःला सांगितलं, मुलींना या वयात राग येतो.

तिसऱ्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मलेशियाच्या मुलीची आई हॉलवर आली. आम्ही इंग्रजीत बोललो. क्लास फार चांगला आहे, ती म्हणाली, पण ही जागा चुकून तर आली नाही ना? आम्ही मार्चमध्ये परत जातोय. मुलगी पुढचं शिक्षण क्वालालंपूरलाच घेणार, इथल्या हायस्कूलची परीक्षा ती देणारच नाही. तीन आठवडे नवऱ्याचं आणि तिचं चाललं होतं की नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसेल का. मी विचारलं, तुम्ही त्या दिवशी हे बोलला का नाहीत? ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत. आरोप नव्हता तो, नुसती माहिती होती.

मग मी जे घरी गेल्यावर विचारायला हवं होतं, ते हॉलच्या पायऱ्यांवर विचारलं. तिचा नवरा त्यांच्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर जपानी विद्यापीठात शिकलेला. आता कंपनीने मलेशियाच्या शाखेतून तीन वर्षांसाठी पाठवलेला, जपानी इंजिनिअरच्या पगारावर. फ्लॅटचं भाडं नावापुरतं. क्वालालंपूरबाहेर त्यांचं स्वतःचं घर होतं, चांगलं सोफाबिफा असलेलं. त्या सोफ्यावर सध्या भाडेकरू बसत होते. इथे सोफा घेतला तर जाताना तो टाकायचा कसा, असं तिने मला हसत विचारलं. मला ते माहीत होतं. इथे मोठी वस्तू टाकायची तर नगरपालिकेला फोन करा, दुकानातून स्टिकर आणा, चिकटवा आणि दिलेल्या दिवशी सकाळी खाली नेऊन ठेवा. म्हणून परत जाणारी माणसं काही विकतच घेत नाहीत.

आणि बिस्किटं? त्यात डुकराची चरबी किंवा जिलेटिन आहे का, हे मुलीला छापील जपानीतून नीट कळायचं नाही, म्हणून ती पुडे घरी न्यायची आणि आईबरोबर बसून शब्दकोशात बघायची. चालणारी खायची, न चालणारी शेजारणीला द्यायची. मी दोन पुडे देऊ लागल्यापासून त्यांचं काम तेवढं वाढलं होतं. धाकटी भावंडं तिला नव्हतीच.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ हसला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते. मग म्हणाला, “अगं, आपण दोन वर्षं सुटकेसवर ताटं ठेवून जेवलो, ते विसरलीस?”

विसरले होते. जपानला आलो तेव्हा आमच्याही घरात खुर्ची नव्हती आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सागवानी डायनिंग टेबल प्लॅस्टिकने झाकून ठेवलेलं होतं. तेव्हा एखाद्या सेन्सेईने वही घेऊन माझ्या घरी यायला हवं होतं. तिनेही मला गरीब ठरवलं असतं, आणि मला किती राग आला असता, ते मी मोजू शकत नाही.

मुख्याध्यापकांना मी त्याच संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं. मग त्यांनी सांगितलं की लाओ मुलीच्या शाळेतल्या शिक्षकांशी त्यांचं बोलणं झालंय. तिने पसंतीच्या शाळांच्या यादीतून नर्सिंगची शाळा काढून टाकली आहे आणि रात्रशाळा लिहिली आहे. यादी अजून बदलता येते, पण थोडेच दिवस. ते लगेच जुकूशी बोलले आणि मला परत फोन केला. मलेशियाच्या मुलीने जागा सोडल्याचं कळवल्यावर जुकूवाले म्हणाले की इथे सहीऐवजी लागतो तो पालकाचा शिक्का असलेला अर्ज सोमवारपर्यंत आला तर जागा दुसरीला देऊ, नंतर नाही. मुख्याध्यापक मला म्हणाले, हवं तर मी जातो. मी म्हटलं, मीच जाते. आयुष्यात मला सुचलेल्या मोजक्या शहाणपणांपैकी हे एक.

रविवारी दुपारी गेले. मुलीचे वडील रात्रपाळी करून वर झोपले होते. आई संध्याकाळच्या पाळीला निघायच्या तयारीत, अंगावर कारखान्याचा गणवेश. मी बसायच्या आधीच सांगितलं, “मी लिहून दिलं की तुम्हाला मदतीची गरज नाही. ते चुकीचं होतं.”

तिने विचारलं, “कशावरून लिहिलंत?”

म्हटलं, घरावरून. ती खाली बसली. मग घराची गोष्ट सांगितली, हिशेबाच्या नव्हे, सवयीच्या सुरात, कारण हे तिने आधीही कोणाकोणाला सांगितलेलं दिसत होतं. सहा माणसं भाड्याचं घर शोधत होती. एका मालकाने फोनवरचे उच्चार ऐकून नाही म्हटलं, एकाने नाव वाचून, एकाला जपानी जामीनदार हवा होता. वर्षभर असंच. शेवटी हे गळकं घर, जे जपान्यांना नको होतं, ते कर्जावर घेतलं. कर्ज फिटेल तेव्हा नवरा सत्तरीला आलेला असेल. “भाड्याने कोणी देईना, म्हणून विकत घेतलं,” ती म्हणाली.

व्हॅनचं काय, हे मी विचारलंच नाही, पण तीच म्हणाली. कारखान्यापर्यंत बस नाही. चार माणसं, तीन पाळ्या, गाडी एक. फ्रीजर अशासाठी की कारखान्यात काम कमी झालं की पगार तासांनी कमी होतो, आणि पहिलं नाव यांचंच निघतं. मग महिनाभर त्या फ्रीजरमधलं खायचं. वीस वर्षं नोकरी झाली तरी पगार ताशीच होता. निर्वासित म्हणून आल्यावर त्यांना सरकारी केंद्रात थोडे महिने भाषा शिकवली होती आणि तिथून थेट कारखान्यात पाठवलं होतं. त्यानंतर शिकायला कोणाला सवड मिळाली नव्हती. मलेशियाचा तो इंजिनिअर आणि ही बाई, दोघं गाड्यांचेच भाग करत होते. तो आराखडा काढायचा, ती तयार झालेला भाग तपासायची. एकाच गाडीच्या दोन टोकांना दोघांचे पगार एवढे लांब होते.

सोन्यापाशी मी स्वतःच थांबले. आजी दाराशी बसली होती. मायदेशातून नदी ओलांडून निघताना त्या बांगड्या तिने पोलक्याच्या अस्तरात शिवून आणल्या होत्या. त्यातल्या निम्म्या पहिल्या काही वर्षांत विकल्या, उरलेल्या हातात. जन्माच्या देशाने यांना पासपोर्ट दिलेला नव्हता. परत जायला क्वालालंपूरसारखं, कोथरूडसारखं काही नव्हतं. माझ्या आईच्या पाटल्या पुण्यात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून आलेल्या मला, बाई सोनं का घालते, हे दुसऱ्याने समजावून सांगावं लागलं.

दोन घरांवरून दोन देश मोजायची चूक मी एकदा केलेली आहे, म्हणून सगळे लाओ असे आणि सगळे मलेशियन तसे, असं म्हणत नाही. पण त्या दोन घरांपुरतं मला एवढं कळलं की ज्यांना जायचं होतं त्यांनी काही साठवलं नव्हतं, आणि ज्यांना राहायचंच होतं त्यांनी दारापासून माळ्यापर्यंत सगळं भरलं होतं. मी भरलेलं बघितलं आणि श्रीमंती लिहिली.

अर्ज मी पुढे ठेवला. आईने तो उचलला नाही. म्हणाली, कारखान्यात शब्द टाकलाय. मुलीने शाळेत सांगूनही टाकलंय. आता पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा तुमचं काही चुकलं तर? तिने स्वयंपाकघराकडे वळून लाओ भाषेत काहीतरी विचारलं. मुलगी तिथे केव्हाची उभी होती. तिने जपानीत उत्तर दिलं, मला कळावं म्हणूनच बहुतेक.

“जायचंय.”

आईने कपाटातून शिक्का आणला, त्यावर दोनदा तोंडाची वाफ सोडली आणि कागदावर दाबला.

पुढचं लोक विचारतात म्हणून सांगते. मुलगी परीक्षा पास झाली, काठावर. आता ती त्याच गावाजवळच्या इस्पितळात मोठी नर्स आहे. नवऱ्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तीच वॉर्डवर होती. माझं ब्लडप्रेशरही तिने तपासलं आणि मी जेवणात मीठ कमी केलंय हे मान्य करायला साफ नकार दिला. मलेशियाच्या मुलीकडून ईदला फोटो येतात. त्यात सोफा असतो. मी मात्र फारशी सुधारलेली नाही. तोक्योत निशी-कसाईला मुलाच्या इमारतीत नवं मराठी कुटुंब आलं की पहिल्याच भेटीत माझी नजर खुर्च्यांवर फिरते. नात शेजारी असली तर हळूच जपानीत विचारते, आजी, परत मोजतेस ना?

त्या रविवारी शिक्का मारून झाल्यावर मी उठायला लागले. पाळीची वेळ होत आली होती, पण आईने मला खांद्याला धरून परत बसवलं आणि बांबूची टोपली उघडून समोर ठेवली. वाफ आली. मी अर्ज सांभाळून ठेवायला पिशवीत हात घातला, आणि अर्जाबरोबर त्या निळ्या वहीचा कोपरा वर आला. तिने तो पाहिला.

“सेन्सेई,” ती म्हणाली, “पुढच्या वेळी वही घरी ठेवून या. भात गार होतो.”